रंग सगळ्यात शेवटी

मातीकाम, सुतारकाम, छपाई आणि चित्रं यांच्या कार्यशाळेसाठी रिकामी इमारत ताब्यात आली की सगळ्यांचे हात आधी रंगाच्या डब्याकडे जातात. भिंती उजळल्या की काहीतरी झाल्यासारखं वाटतं, दुसरं कारण नाही. आजच्या पानावर ठळक लिहायचं ते एवढंच: आधी पाणी, मग वीज, मग धूळ.

ओल कुठून येते ते कळेपर्यंत भिंतीला हात लावू नये. पायाशी आडवा पट्टा असेल तर पाणी बहुधा जमिनीतून चढतंय. वरून ओघळ असतील तर गच्ची किंवा पन्हळ तपासायची. कोब्याची परीक्षा सोपी आहे. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवायचं. सकाळी खाली थेंब दिसले किंवा कोबा गडद झाला तर लाकडी जमीन आणि व्हिनाइलचं (प्लास्टिकचं) आच्छादन विसरा. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असले तर ते अ‍ॅस्बेस्टॉसचे नाहीत याची खात्री होईस्तोवर भोक पाडणं, घासणं, तोडणं बंद.

खोल्यांची वाटणी वजनावरून होते, आवडीवरून नाही. राहत्या घराचा मजला चौरस मीटरला साधारण 200 किलोच्या हिशेबाने बांधतात. कार्यशाळेला 500 तरी धरावे लागतात. म्हणून मातीची भांडी भाजायची भट्टी, लेथ आणि छपाईचं यंत्र तळमजल्यावर. कागद हलका समजून रिमांची चळत वरच्या मजल्यावर रचणारेही भेटतात. छपाईच्या कागदाचा एक घनमीटर गठ्ठा 700-800 किलो भरतो!

विजेवर खरा वेळ घालवावा. 7 किलोवॉटची भट्टी 230 व्होल्टवर सुमारे 30 अँपिअर ओढते, तीही तासन्‌तास. तिला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र स्विच हवा. भिंतीपासून अर्धा मीटर अंतर, खाली लाकडी जमीन नको, वर धूर-वाफ बाहेर नेणारा पंखा. करवतीचं दुखणं वेगळं. मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट घेते, त्यामुळे घरगुती बी-कर्व्ह एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप वीज तोडणारा स्विच; बी-कर्व्ह म्हणजे थोड्या वाढीलाच तुटणारा) वारंवार पडतो. मग कोणीतरी वैतागून जास्त अँपिअरचा एमसीबी बसवतं, तार मात्र जुनीच राहते, आणि आता एमसीबीच्या आधी तार तापते. तिथे त्याच अँपिअरचा सी-कर्व्ह, म्हणजे क्षणभराची वाढ सोसणारा, बसवायचा असतो. सॉकेटच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळून अंगातून जायला लागला की वीज तोडणारा स्विच) हवाच. मातीकामात हात कायम ओले.

टेबल-करवत कोपऱ्यात ढकलली की फसते. 8 बाय 4 चा प्लाय चिरायचा तर पात्याच्या पुढे आठ फूट आणि मागेही आठ फूट मोकळे लागतात. तिच्या शेजारच्या खोलीत वार्निशचं काम ठेवलंत तर प्रत्येक पृष्ठभागावर भुसा बसणार. वाळलेली माती झाडूने झाडू नये. तिच्यातली सिलिका (वाळूतलं खनिज, बारीक धुळीच्या रूपात) हवेत उडते आणि फुफ्फुसात बसते. ओलं पुसणं हाच उपाय. मोरीत माती थेट गेली तर नळी तुंबते, म्हणून सिंकखाली तीन बादल्या ओळीने: गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी पुढे जातं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकल्या तर आपोआप तापून पेटू शकतात. झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पाणी.

दारं बाहेर उघडणारी, वाटा दोन, आणि त्यातल्या एकीसमोरही प्लाय टेकवून ठेवायचा नाही. हा नियम पहिल्याच आठवड्यात मोडला जातो.

आता रंग. चित्रं लावायच्या भिंतीवर आधी 12 मिलिमीटर प्लाय, म्हणजे स्क्रू कुठेही बसतो, आणि त्यावर मॅट पांढरा. चकचकीत रंगावर दिव्याची तिरीप पडते. मातीकामाच्या खोलीत कमरेइतक्या उंचीपर्यंत ऑइल पेंट, पुसता येतो.