प्रेस शॉपमध्ये धोका ओळखायला शिकवताना

भोसरी-चाकणच्या छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेस मशीनवर पत्र्याचे भाग घडवणाऱ्या वर्कशॉपमध्ये, सुरक्षेचं प्रशिक्षण बऱ्याचदा कँटीनमध्ये उरकतात. पडद्यावर चित्रं, शेवटी हजेरीपटावर सह्या. बोटं जातात ती डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, आणि त्या तासाभरात डायचं नावही निघत नाही. म्हणून प्रशिक्षण मशीनसमोरच घ्या, चार-पाच जणांच्या गटात, वीस मिनिटं. ऑपरेटर ओडिया किंवा भोजपुरी बोलणारे असतील तर मराठी-इंग्रजी तक्त्याचा उपयोग नाही. बोट दाखवून शिकवा.

प्रेसचे पहिले वीस स्ट्रोक (ठोके) सगळ्यांनी न बोलता बघायचे. मग एकच प्रश्न: हात आत कधी जातो? जॉब (घडवायचा तुकडा) ठेवताना, काढताना, अडकलेला स्क्रॅप ओढताना, डायला तेल लावताना. यातलं स्क्रॅप आणि तेल पटकन कुणी सांगत नाही, कारण ते ‘काम’ वाटतच नाही. मिनिटाला सहा जॉब धरले तर तासाला 360, सात तासांत 2,520 वेळा हात रॅमखाली, म्हणजे वरून खाली येणाऱ्या भागाखाली. हा आकडा गटाकडूनच काढून घ्या.

आता दुसरा प्रश्न, पेडल न दाबता रॅम खाली येईल का? ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ‘की क्लच’, म्हणजे फ्लायव्हीलचा (सतत फिरणाऱ्या जड चाकाचा) जोर शाफ्टला देणारी जोडणी, उघडून दाखवायची वेळ झाली. पेडल दाबलं की अटकाव बाजूला होतो, ‘की’ नावाची खुंटी फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि शाफ्ट फिरतो. पेडल सोडल्यावर अटकाव परत आडवा येतो आणि फेरा पूर्ण होताच की बाहेर पडते. अटकावाची स्प्रिंग तुटली किंवा कीची धार गोल झाली, तर की सुटत नाही आणि प्रेस डबल मारतो, म्हणजे पेडल न दाबता दुसरा ठोका पडतो. नेमका त्याच क्षणी हात जॉब उचलत असतो. झिजलेली की आणि नवी की हातात द्या, धारेवरून नख फिरवायला सांगा. तो फरक एकदा बोटाला कळला की मशीनचा आवाज बदलल्यावर तोच माणूस सेटरला (डाय बसवणाऱ्याला) हाक मारतो.

फेरा सुरू झाल्यावर ही क्लच मध्येच थांबत नाही. त्यामुळे अशा प्रेसवर लाइट कर्टन (हात आत आला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवणं म्हणजे निव्वळ खोटा दिलासा. डायभोवती पक्कं गार्ड आणि जॉबसाठी चिमटा किंवा घसरपट्टी, म्हणजे हात आत जायची गरजच न उरणं, हा खरा उपाय. डायजवळच्या फटीतून बोट जात असेल तर ते गार्ड नव्हे. फट 6 मिलिमीटरपेक्षा मोठी नको. हातमोजे पत्र्याच्या धारदार कडा (बर) आणि काप यांच्यासाठी आहेत, टनाच्या दाबासमोर त्यांचा काही उपयोग नाही.

जोखमीचे गुण देताना हमखास चूक होते. गंभीरता 1 ते 5, शक्यता 1 ते 5, दोन्हींचा गुणाकार. ‘दहा वर्षांत काही झालं नाही’ म्हणून शक्यतेला 1 मिळतो, गुणाकार येतो 5, आणि कागद हिरवा, म्हणजे ‘धोका नाही’ असा, होतो. जमिनीवरच्या तेलाचे गुण त्याहून जास्त भरतात! बोट परत येत नाही. कायमचं अपंगत्व येऊ शकणारी बाब शक्यता कितीही कमी दिसली तरी आधी हातात घ्यायची, हा नियम तक्त्याच्या वरच लिहा. शक्यता ठरवताना अपघात मोजू नका. डबल किती वेळा पडला, गार्ड किती वेळा काढून ठेवलेलं सापडलं, ते मोजा. ते सांगणाऱ्याला बोलणी बसली तर पुढच्या महिन्यापासून आकडा शून्य होईल.

डाय बदलताना वेगळी काळजी लागते. मेन स्विच बंद केला तरी फ्लायव्हील फिरत राहतं, आणि त्या जोरावर एक स्ट्रोक सहज पडतो. म्हणून क्रम असा: स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली सेटरच्या खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट, मग रॅमखाली टेका, आणि त्यानंतरच हात आत. टेका काढल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. हे तोंडी न विचारता प्रत्येक सेटरकडून करून घ्या.

चालत्या भागांना कुंपण घालणं 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 21 नेच सक्तीचं केलं होतं. तरी नवी डाय चढली की जुनं गार्ड बसत नाही आणि ते कोपऱ्यात जाऊन पडतं. त्यामुळे नव्या डायचा पहिला जॉब तपासायला ठेवाल, तेव्हाच वीस स्ट्रोकची ती पाहणी पुन्हा करा. त्या शिफ्टचा ऑपरेटर सोबत हवा.