मागच्या सीटवरून राधानगरी

रविवार, रात्री दहा. कोल्हापूर.

आज शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास झाला आणि तो सगळा मी मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून केला. गेली तीस वर्षे माझी गाडी मीच चालवत आलो, त्यामुळे मागे बसणे म्हणजे काय हे मला आजवर ठाऊकच नव्हते. अंग पुरते आंबले आहे, तरीही झोपण्यापूर्वी हे लिहून ठेवावेसे वाटते.

मेस्त्रींची आणि माझी ओळख जेमतेम आठ दिवसांची. घरच्या पाण्याच्या मोटरीचा बुश झिजला होता म्हणून मी शिवाजी उद्यमनगरात त्यांच्या लेथवर गेलो होतो. काम होईपर्यंत उभ्या उभ्या बोलणे निघाले ते राधानगरीच्या दरवाजांचे, कारण त्या सकाळीच धरण भरत आल्याची बातमी होती. मी शाळेत भूगोल शिकवत असे आणि धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात आहेत हे मुलांकडून पाठ करून घेत असे, परंतु ते उघडलेले मी कधी पाहिले नव्हते. हे ऐकून मेस्त्रींनी लेथ बंद केला आणि म्हणाले, "मग येताय काय सर, येत्या रविवारी? मला तसं बी एक माणूस लागतोय." माणूस कशाला लागतो, हे त्यांनी तेव्हा सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

गाडी यामाहा आरएक्स हंड्रेड. 1996 साली तिचे उत्पादन थांबले, तरी कोल्हापुरात ती आजही जपून वापरली जाते. पहिल्याच किकला ती सुरू झाली आणि टू-स्ट्रोकचा तो टणत्कार गल्लीभर घुमला. पुईखडीचा चढ लागेपर्यंत मी मागे अवघडून बसलो होतो. समोर वळण आले, एखादी एसटी अंगावर आल्यासारखी वाटली, की माझा उजवा पाय नकळत खाली दाबला जाई. मेस्त्रींच्या ते ध्यानात आले असावे. चढावर गाडीचा वेग कमी झाला तेव्हा त्यांनी मान किंचित वळवली. "सर, पाय सैल सोडा. ब्रेक माझ्याकडं हाय. आणि वळणावर उलट झुकू नगा, माझ्यासंगट कला." सूचना साधी होती, पण पाळायला मला हळदीपर्यंतचा रस्ता लागला. तीस वर्षांची सवय अशी एका वाक्याने सुटत नाही.

हळदीला भोगावती नदीचा बंधारा पाण्याखाली गेलेला होता. पावसाळ्याच्या तोंडाला कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढून ठेवतात, म्हणजे पुराच्या पाण्याला वाट मिळते. तरी पाणी वाढले की सबंध बंधाराच दिसेनासा होतो आणि फक्त त्याच्या रेषेवर पाण्याला एक चुणी पडलेली दिसते. आम्ही तिथे उतरलो नाही, पण मेस्त्रींनी वेग कमी केला आणि मला ते नीट पाहता आले. मी गाडी चालवत असतो तर माझी नजर रस्त्यावरून हलली नसती.

मोटरसायकलवरचे बोलणे वेगळेच असते. वेगात असताना वाक्याचा उत्तरार्ध वारा घेऊन जातो, म्हणून मेस्त्री गतिरोधक आला की तेवढे बोलून घेत. त्यामुळे त्यांची हकीकत मला एका गतिरोधकापासून दुसऱ्यापर्यंत तुकड्या-तुकड्यांनी कळली आणि मधल्या मैल-दोन मैलांत मी आधीचा तुकडा मनात धरून बसलो. चौदाव्या वर्षी ते लेथवर उभे राहिले. ज्यांच्याकडे काम शिकले त्यांना ते वस्ताद म्हणतात. परीते गाव मागे गेले. ही गाडी त्या वस्तादांची. भोगावती साखर कारखाना मागे पडला. वस्ताद दर पावसाळ्यात याच गाडीवरून दरवाजे बघायला येत आणि मागे हे बसत. कौलवच्या पुढे कळले की वस्तादांची दृष्टी अधू झाली आणि त्यांनी किल्ली यांच्या हाती दिली. आता तर ते अंथरुणावरच आहेत. सबंध वाटेत मला मेस्त्रींचा चेहरा दिसला नाही. रेनकोटची ओली पाठ आणि उजव्या कानामागचा भाजल्याचा जुना व्रण एवढेच समोर होते, आणि तरी त्या दीड तासात मला हा माणूस जितका कळला तितकी वर्षानुवर्षे शेजारच्या टेबलावर बसलेली काही माणसे कळली नाहीत.

रस्त्याकडेला गाडी लावून आम्ही दरवाजे पाहिले. चार उघडले होते. काळ्या दगडी भिंतीतून पाणी पांढरे होऊन खाली कोसळत होते आणि त्याचा आवाज छातीत जाणवत होता. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेले हे काम त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, ते 1957 साली पूर्णत्वास गेले, हे मी वर्गात सांगत आलो. पण मेस्त्रींनी जे सांगितले ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हते. पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की दार आपले आपण उचलले जाते, पातळी उतरली की आपले आपण मिटते. बटण नाही, हुकूम नाही, सगळे काम वजन आणि पाणी यांच्या तोलावर चालते. हे सांगताना त्यांनी दोन्ही तळहात तराजूसारखे धरले होते. एका दरवाजातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी जाते. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला येते. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या आमच्या गावात उघडलेल्या दरवाजांचा आकडा ऐकला की लोक लगेच पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात, 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मेस्त्रींचे घर शुक्रवार पेठेत आहे, त्या दोन्ही वर्षी तिथे पाणी आले होते. तरीही ते दरवाजांकडे रागाने पाहत नव्हते. चांगल्या कारागिराच्या हातचा जॉब पाहावा तसे पाहत होते.

परतताना मी वळणांवर त्यांच्याबरोबर कलत होतो. कधीपासून, ते सांगता येणार नाही.

गावात शिरल्यावर गाडी माझ्या घराकडे न वळता वस्तादांच्या दारात थांबली. माणूस कशाला हवा होता ते तेव्हा उलगडले. "मी एकटा येऊन सांगितलं की त्यांना वाटतं, हा न जाताच सांगतोय," मेस्त्री हळूच म्हणाले. खाटेवरच्या म्हाताऱ्याने आधी माझा हात चाचपला, मग विचारले, "किती?" मी म्हणालो, "चार." "लागोपाठचे काय?" मी आठवून, बोटांवर मोजून, कोणते उघडे होते आणि कोणते मिटलेले ते सांगितले. त्यांनी मान हलवली. नंतर दोघांनी मिळून त्यांना उंबऱ्यापर्यंत आणले. अजून पावसाचे थेंब वाफ होऊन उडत होते अशा त्या इंजिनाच्या जवळ त्यांनी तळहात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.