तुम्ही विचारलंत म्हणून : गावात खवल्या मांजर विकायला ठेवलंय असं कळलं तर?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या भागात खवल्या मांजराचा (पँगोलिनचा) विषय निघाला की हा प्रश्न येतोच. "आमच्या वाडीत कोणीतरी खवल्या मांजर धरून ठेवलंय, गिऱ्हाईक बघतायत असं कानावर आलंय. आम्ही काय करायचं?" विचारणारा आवाज खाली आणून विचारतो, कारण धरणारा ओळखीचा असतो, कधी भावकीतलाच असतो. पाठोपाठ दुसरा प्रश्न: "त्याचे खरंच कोटी मिळतात का हो?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यायला हवं, कारण कोकणातली बरीचशी शिकार या अफवेपायीच होते. कोटी मिळत नाहीत. खवला केराटिनचा असतो, म्हणजे आपली नखं ज्याची, गाईचं शिंग ज्याचं, त्याचाच. त्यात औषध नाही. भारतीय खवल्या मांजर मोठं झालं की साधारण १० ते १६ किलोचं भरतं, आणि त्यातला पाव ते तिसरा हिस्सा खवल्यांचा. म्हणजे एका जीवामागे तीन-चार किलो खवले. परदेशातली चोरटी बाजारपेठ टनांत चालते. एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरला आठवड्याभराच्या आत दोन कंटेनर पकडले, एकात १२.९ टन खवले आणि दुसऱ्यात १२.७ टन, दोन्ही नायजेरियातून व्हिएतनामकडे निघालेले. आशियातली खवल्या मांजरं विरळ झाली तसा आफ्रिकेतला माल ओढला जाऊ लागला. अशा बाजारात गोठ्यात पिंपाखाली कोंडलेल्या एका जनावराला कोटी मोजणारा गिऱ्हाईक येत नाही. येतात ते दलाल, आणि एकाने दुसऱ्याला सांगितलेले आकडे. धरणारा आठवडाभर गिऱ्हाईक शोधत राहतो आणि तेवढ्यात आत जनावर मरतं.

खवल्यांची अंगठी घातली की मूळव्याध जाते, घरात ठेवले की बरकत येते, या समजुती मात्र आपल्याकडच्याच, आणि तस्करीपेक्षा जुन्या. २०२० मध्ये चीननेही आपल्या अधिकृत औषधसूचीतून खवले वगळले, एवढं सांगितलं तरी काही घरांत माणसं विचार करू लागतात. हे भांडून पटत नाही. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने खवलोत्सव झाला, खवल्या मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून नाचवली गेली. ज्या गावाने पालखी नाचवली, तिथे ते विकणं अवघड होतं. भाषणापेक्षा हा मार्ग खोल जातो असं माझं ठाम मत आहे.

आता कायदा, थोडक्यात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये खवल्या मांजर आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. शिकार, विक्री, जवळ बाळगणं, सगळ्याला किमान ३ वर्षं आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही पूर्ण बंदी आहे. आणि एक कलम फार कमी लोकांना माहीत असतं, ते कलम ३९. असा प्राणी किंवा त्याचा भाग ही सरकारी मालमत्ता. तुमच्या हाती कसाही आला, अगदी शेतात मेलेला सापडला, तरी ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे कळवून तो सोपवावा लागतो. ओळखीच्या माणसाला समजवायला हे कलम उपयोगी पडतं: "अजून वेळ गेलेली नाही, आपणहून कळव."

तो ऐकत नसेल, किंवा सौदाच सुरू असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, किंवा तालुक्याच्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्याला थेट. रात्री कोणीच उचललं नाही तर ११२. सांगताना पाच गोष्टी पुरतात: नेमकी जागा, प्राणी जिवंत आहे की नुसते खवले, कशात ठेवलाय, कधीपासून, आणि गाडी असेल तर तिचा नंबर. तुमचं नाव नोंदीत नको असेल तर तसं स्पष्ट बोला. 'गुप्त बातमीदाराकडून' एवढ्यावर कारवाई सुरू होऊ शकते.

तीन गोष्टी अजिबात करू नका. स्वतः गिऱ्हाईक बनून फोन लावू नका. तुम्ही भाव विचारलात की अफवेला आणखी एक साक्षीदार मिळतो, आणि पुढे फोनच्या नोंदी तपासल्या जातात तेव्हा तुमचा नंबरही त्यात निघतो. खोटा गिऱ्हाईक उभा करणं हे प्रशिक्षित माणसांचं काम आहे. दुसरं, व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नका. माल तासाभरात दुसऱ्या वाडीत हलतो. तिसरं, तुमच्याकडे आलेला फोटो किंवा व्हिडिओ पुसू नका. पुढे पाठवलेली प्रत कोर्टात लंगडी पडते. मूळ फाइल ज्या फोनवर आली तो फोन, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र, हे दोन्ही लागतं. प्रमाणपत्र नसल्यामुळे चांगला पुरावा बाजूला पडतो.

खटले सुटतात ते इथेच, कागदावर. पोलिसांनी पकडलं, बातमी छापून आली, सगळ्यांना वाटलं झालं. पण या कायद्याखाली कोर्ट नुसत्या आरोपपत्रावर दखल घेत नाही, कलम ५५ प्रमाणे अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची तक्रार लागते. म्हणून पोलिसांच्या कारवाईत पहिल्या तासातच वन विभाग आला पाहिजे. जबाबाचंही तसंच. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही, पण सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने आरोपीसमक्ष नोंदवलेले साक्षीदारांचे जबाब कलम ५० प्रमाणे पुढे खटल्यात चालतात.

पंचनाम्यात खवल्यांचं फक्त वजन लिहिणं ही नेहमीची चूक. ताज्या खवल्याच्या बुडाशी कातडीचे तुकडे चिकटलेले असतात, ते वाळले की वजन घटतं, आणि दोन वर्षांनी बचाव पक्षाचा वकील तराजूच समोर ठेवतो. वजनाबरोबर नग मोजा. खवला जवळून पाहिला तर पंख्यासारखा दिसतो, बुडाकडून उभ्या बारीक रेघा आणि टोक जमिनीला घासून गुळगुळीत झालेलं. मोजणं कठीण नसतं. नमुना वेगळ्या पाकिटात सीलबंद करून देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासणीला जातो, आणि सीलवर पंचांच्या सह्या हव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर खवले बांधले तर बुरशी धरते, म्हणून कागदी पाकीट.

जिवंत प्राणी मिळाला तर घाई त्याची आहे. खवल्या मांजराला दात नसतात. मुंग्या आणि वाळवी हेच खाणं, तेही लांब चिकट जिभेने वेचून. त्याच्यापुढे दूध, अंडं, भात ठेवू नका, बळजबरीने पाणी पाजू नका. गोणपाटात बांधलेलं असेल तर बाहेर काढा, कारण ते आत तापतं आणि गुदमरतं. तारेच्या जाळीचा पिंजराही नको. त्याची पुढची नखं खोदण्यासाठी असतात, ती जाळीत अडकून मुळापासून निघतात. लाकडी पेटी, भोकं पाडलेली, तळाला माती आणि पालापाचोळा, आणि अंधार. गोळा झालं असेल तर उलगडून बघू नका. पोटाकडे खवले नसतात, मऊ कातडी असते, म्हणूनच ते वेटोळं घालतं. मादी असेल तर त्या वेटोळ्यात पिल्लूही असू शकतं. बंदिवासात हा प्राणी फार लवकर खचतो, खाणं सोडतो, पोटात जखमा होतात. ओडिशातल्या नंदनकाननसारख्या केंद्रात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तो टिकतो, तालुक्याच्या वन डेपोतल्या पिंजऱ्यात नाही. म्हणून जप्तीच्याच दिवशी वन विभागाने फोटो आणि मोजमापं घेऊन, पशुवैद्यकाचा तपासणी अहवाल जोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सोडण्याची परवानगी मागायची. ती राहिली तर प्राणी मुद्देमाल म्हणून अडकतो.

तपासणीत नखं, पंजे, नाकाचा शेंडा आणि शेपटीचं बूड पाहतात, दोरी किंवा तार बांधल्याच्या जखमा तिथे असतात. जखम असेल तर आधी उपचार. धडधाकट असेल तर सोडायची जागा त्याच भागातली, पण ज्या बिळातून काढलं ते बीळ नव्हे, कारण ते आता माणसांना माहीत झालेलं असतं. वारुळं हवीत, जवळ पाणी हवं, रस्ता आणि वाडीतली कुत्री लांब. जागेचा फोटो कुठेही टाकायचा नाही.

वेळ संध्याकाळनंतरची. पेटीचं तोंड उताराच्या झाडीकडे करून उघडायचं, बॅटऱ्या बंद करायच्या आणि वीस-पंचवीस पावलं मागे सरायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग खवल्यांची कडा हलते, नाकाचा शेंडा बाहेर येतो आणि हवा हुंगतो. पुढची नखं आत मुडपून, मुठींवर चालल्यासारखं ते पाचोळ्यात उतरतं, आणि मातीवर नखांचा आवाज ऐकू येतो.