माझा अनुभव: डेंग्यूच्या लशीसाठी पीआरएनटी चाचणी

लस घेतलेल्याच्या रक्तात विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं किती तयार झाली, हे पीआरएनटीने (प्लाक रिडक्शन न्यूट्रलायझेशन टेस्ट) मोजतात. प्लाक म्हणजे विषाणूने पेशी मारल्यामुळे पेशींच्या थरात पडलेला कोरा ठिपका; प्रतिपिंडं जितकी जास्त, तितके प्लाक कमी. मी या चाचणीत सगळ्यात जास्त काळजी घेते ती विषाणू मोजण्यात. आकडा तिथेच बिघडतो.

वेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या) आदल्या दिवशी २४ वेलच्या, म्हणजे खळग्यांच्या, प्लेटमध्ये पेरायच्या, वेलमागे साधारण लाख-दीड लाख. दुसऱ्या दिवशी तळ पुरता झाकलेला हवा. सीरम (रक्तातला पेशींविना उरलेला द्रव) ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवायचं, नाहीतर त्यातलं कॉम्प्लिमेंट, म्हणजे रक्तातली संरक्षक प्रथिनं, लुडबुड करतं. मग १:५ पासून दुप्पट-दुप्पट विरळ करायचं. तेवढाच विषाणू मिसळला की पहिली पातळी १:१० होते. लिहिलेला टायटर (सीरम किती विरळ करूनही काम करतं तो आकडा) मिसळण्याआधीचा की नंतरचा, हे वहीत स्पष्ट हवं. नाहीतर दोन प्रयोगशाळांच्या निकालांत उगाच दुपटीचा फरक दिसतो.

विषाणू मिलिलिटरला १००० प्लाक या हिशोबाने घ्यायचा. मिश्रणात तो निम्मा होतो आणि १०० मायक्रोलिटरमागे ५० प्लाक येतात. उणे ८० अंशांवरची कुपी एकदाच वापरायची, कारण पुन्हा गोठवली की जिवंत विषाणू घटतो. म्हणून त्याच दिवशी त्याच विषाणूचं टायट्रेशनही (जिवंत विषाणू किती आहे ती मोजणी) लावायचं. कंट्रोलमध्ये, म्हणजे सीरमशिवाय नुसत्या विषाणूच्या वेलमध्ये, १५च प्लाक आले, तर दोन-तीनच्या फरकाने टक्केवारी हलते. फार झाले, तर एकमेकांत मिसळतात. दोन्ही वेळा प्लेट बाद.

मिश्रण ३७ अंशांवर तासभर, मग पेशींवर तासभर. दर १५ मिनिटांनी प्लेट कलती करायची. मध्यभाग कोरडा पडला तर पेशी मरतात आणि तिथला पांढरा डाग फसवतो. नंतर वरून कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचा थर द्यायचा आणि विषाणूच्या वाणानुसार पाच ते सात दिवस प्लेटला हात लावायचा नाही. थर हलला की प्लाकना धूमकेतूसारखं शेपूट फुटतं. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवल्यावर जिवंत पेशी जांभळ्या दिसतात, प्लाक कोरे राहतात. कंट्रोलची सरासरी ४८ असेल, तर २४ किंवा त्याहून कमी प्लाक देणारी सगळ्यात विरळ पातळी हा टायटर.

हे सगळं डेंग्यूच्या चारही प्रकारांसाठी वेगवेगळं करावं लागतं. जपानी मेंदूज्वरात १:१० टायटर संरक्षक मानतात. डेंग्यूत असा सर्वमान्य आकडा नाही. डेंगव्हॅक्सिया या डेंग्यूच्या लशीच्या थायलंडमधल्या राचबुरी इथल्या चाचणीचे निकाल २०१२ मध्ये आले, तेव्हा टाइप-२विरुद्ध प्रतिपिंडं दिसत होती, पण संरक्षण जवळजवळ नव्हतं. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या प्लेटमध्येही प्लाक कमी करतात, शरीरात मात्र तेवढी पुरतीलच असं नाही.

म्हणून लस देण्याआधीच्या सीरमशिवाय मी टायटरचा अर्थ लावत नाही. फिलिपिन्समध्ये २०१६ मध्ये शाळकरी मुलांना हीच डेंगव्हॅक्सिया द्यायला सुरुवात झाली. आधी डेंग्यू न झालेल्यांना या लशीनंतर तीव्र डेंग्यूचा धोका वाढतो, हे नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं. म्हणून आधीचं सीरम चारही प्रकारांत १:१०च्या खाली असलेल्यांचा तक्ता वेगळा काढायचा आणि लस कशी आहे, ते आधी त्यात पाहायचं.