फाट्यावर बसलेल्या पोरी

परवा जेवताना मोठे काका नेहमीच्या विषयावर आले, की आजकालच्या पोरांना राजकारणात काही इंटरेस्टच राहिला नाही, दिवसभर रील्स बघायलेत, आम्ही १९७४ ला मराठवाडा विकास आंदोलनात कॉलेजं बंद पाडली होती वगैरे. काका खोटं बोलत नाहीत, ते आंदोलन विद्यार्थ्यांनीच उभं केलं होतं. नंतरची मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायची, नामांतराची लढाई पण, १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या १४ जानेवारीपर्यंत, तरुण पोरांनीच अंगावर घेतली. (त्यात घरं कुणाची जळाली ते मात्र काका कधी सांगत नाहीत.)

पण इंटरेस्ट नाही हे मला पटत नाही गड्या. आमच्या परभणीकडं तर गळ्यापर्यंत आहे. गावातलं पंचविशीतलं प्रत्येक पोरगं कोणत्या ना कोणत्या साहेबाचं माणूस आहे, वाढदिवसाला बॅनर, डीजे, स्टेटस, आणि ग्रामपंचायत लागली की चाकणहून पोरं आणायला गाड्या येतात, जेवणासकट. तिकीट मात्र साहेबाच्या भाच्याला. आपण सतरंज्या उचलायच्या. मी पण उचलल्यात, लाज कशाला.

२०१६ ला मी एफवायला होतो. ९ ऑगस्टला औरंगाबादला (तेव्हा तेच नाव होतं) पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला, कोपर्डीत पोरीवर अत्याचार करून तिला मारलं त्यानंतरचा, आम्ही पण टमटम करून स्टेशनला आणि तिथून रेल्वेनं गेलो. एवढी माणसं आणि घोषणा नाही, आवाज नाही, आणि सगळ्यात पुढं पोरी, निवेदन द्यायला पण पोरीच. मला वाटलं आता गावात पण काहीतरी बदलणार. गावात आलो तर सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे मालक बसलेले. ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, खुर्ची बाईची, सही बाईची, बोलणारा बाप्या.

आता काकांच्या नातीचं सांगतो. बारावीला आहे, तालुक्याला जाते, मला काका म्हणते. संध्याकाळची एसटी मधीच बंद झाली, म्हणजे गाडी फाट्यावरूनच वळायची, तिथून गाव तीन किलोमीटर, हिवाळ्यात अंधार पडतो आणि रस्त्यावर एक लाईट नाही. पास फुकट पण गाडीच नाही, काय चाटायचाय का पास. दोन पोरींचं कॉलेज घरच्यांनी बंद केलं. मग या अकरा जणींनी अर्ज लिहिला आणि डेपोत दिला, तर तिथला साहेब म्हणाला ग्रामपंचायतीचा ठराव आणा. ग्रामसेवक म्हणे ग्रामसभेत घ्यावा लागतो. आणि आमच्याकडं ग्रामसभा कशी होते, तर १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल तेवढे लागतात, पंचवीस जण येतात, सभा तहकूब. तहकूब सभेला मग कोरमच लागत नाही, पाच-सहा जण बसून पाहिजे ते ठराव करतात. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि आम्ही मोठे कार्यकर्ते, आम्हाला पत्ताच नाही!

या पोरी सतराच्या, मतदार नाहीत, म्हणजे ग्रामसभेत हात वर करायचा हक्क नाही. म्हणून त्यांनी घरोघरी जाऊन आयांना तयार केलं. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि शाळेच्या ओट्यावर चाळीसेक बाया येऊन बसल्या. सरपंचांचे मालक म्हणाले, "बायांची सभा आधीच झालीय की." तर एक म्हातारी म्हणाली, "कधी झाली बाबा? माझी सही कुणी केली मग?"

हसू पण आलं आणि माझीच मान खाली गेली, कारण एका इलेक्शनला त्या बायांच्या सभेच्या रजिस्टरवर सह्या गोळा करत मी पण फिरलो होतो.

ठराव झाला. तरी महिना गेला, गाडी नाही. मग एका सोमवारी पोरी दप्तरं घेऊन फाट्यावर बसल्या, गाडी अडवली, पाऊण तास. पोलीस आले, पोरींनी ठरावाची नक्कल दाखवली. आमची पोरं पण पोचली हो, फेसबुक लाईव्ह करायला. आठ दिवसांनी गाडी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी फाट्यावर बॅनर, "साहेबांच्या प्रयत्नांना यश", खाली चौदा फोटो, पोरगी एकही नाही.

मी चिडलो होतो, तर ती म्हणते, "राहू द्या ना काका, उन्हाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकायला होईल." मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म ६ मात्र तिनं आत्ताच भरलाय, सतरा पूर्ण झाले की आगाऊ भरता येतो, अठरा झाले की नाव यादीत येतं. हे मला तिच्याकडून कळलं. उभं राहायला एकवीस लागतात, तेही तिनं मोजून ठेवलंय, फक्त तेव्हा आरक्षण काय सुटतं त्यावर आहे.

काका हे सगळं ऐकून काहीच बोलले नाहीत. महिन्याच्या बीपीच्या गोळ्या आणायला ते तालुक्याला जातात, अर्ध्या तिकिटात, आणि येताना त्याच संध्याकाळच्या गाडीनं येतात, आता घरापर्यंत. भाकरी संपवून त्यांनी नातीला एवढंच विचारलं, "उद्या गाडी टायमावर हाय ना गं?"