हे पूर्वी कुठं होतं हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आईला बघायला आलेलं माणूस ओटीवर चहा झाला की हळूच विचारतं, "हे डिमेन्शिया वगैरे आपल्या लहानपणी कुठं होतं हो?"

होतं. आठवण आणि समज हळूहळू हरपत जाणं, तेच ते. विजयदुर्गच्या खाडीकाठी, याच घरात. थोरली काकी तिन्हीसांजेला ठेवणीतलं लुगडं नेसून, बोचकं घेऊन धक्क्याकडे निघायची. काका मुंबईहून बोटीनं येणार म्हणून. काका जाऊन बारा वर्षं झालेली, बोटीही केव्हाच बंद पडलेल्या. डॉक्टरला कुणी दाखवलं नाही. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून शेजारी हसले, घरच्यांनी देवाला कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, आणि शेवटी पडवीच्या दाराला बाहेरून कडी. दाराआड ती काय बोलायची ते कुणी ऐकलंच नाही. मी दहा वर्षांचा. कानावर हात ठेवून पळायचो.

फ्रँकफर्टच्या इस्पितळात नोव्हेंबर १९०१ मध्ये ऑगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. आलॉइस अल्झायमर तिच्यापाशी बसून विचारायचे आणि ती म्हणेल ते लिहून घ्यायचे. नाव? ऑगुस्ट. आडनाव? ऑगुस्ट. नवऱ्याचं? ऑगुस्ट, बहुतेक. जेवणात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय विचारलं तर म्हणाली, पालक. ती १९०६ मध्ये गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींत तंतूंचा गुंता, बाहेर साचलेला गाळ. १९१० मध्ये क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं आपल्या पाठ्यपुस्तकात डिमेन्शियाच्या या प्रकाराला अल्झायमरचं नाव दिलं.

गंमत पुढेच आहे. ऑगुस्ट वयानं लहान, म्हणून तिचा तो आजार. सत्तरीतल्यांचं मात्र नुसतं म्हातारपण. ही वाटणी कितीतरी दशकं टिकली. दोन्ही एकच, असं रॉबर्ट कॅट्झमन या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञानं ठासून लिहिलं ते १९७६ मध्ये. म्हणजे तोवर मोठमोठे डॉक्टरही आमच्या शेजाऱ्यांचीच म्हण वापरत होते म्हणायचं! आता माणसं जास्त जगतात, म्हणून घरोघरी दिसतं, इतकंच.

औषधानं आईचं फारसं हललेलं नाही. गेल्या पावसाळ्यात मी एक वही मात्र घातली. कालची नोंद: दुपारी कुळथाची पिठी-भात. "आई, काय खातेस?" "पेज." "मी कोण?" बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाली, "बोटीवरचो मा तू? थोरल्या बायचा तिकीट आधी काढ."