दोराला लटकलेला माणूस

दुपारी जेवण उरकून आडवं व्हायचं तर माझ्या हातात काहीतरी छापील लागतं. काहीही चालतं, कंदी पेढ्याच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा. त्या दिवशी उशाशी भाचीचं पुस्तक सापडलं, 'भीमायन', बाबासाहेब आंबेडकरांची चित्रांतली गोष्ट. सुट्टीला आलेली पोर, सगळा पसारा तसाच टाकून पोवई नाक्याला मैत्रिणीकडे गेली होती. चाळलं तर चित्रंच चित्रं. म्हटलं, डोळा लागेपर्यंत होऊन जाईल.

वीस मिनिटांत झालंसुद्धा. भाची आली तेव्हा मी चहा टाकत होते.

"संपलं पण, आत्या? मग विंचू दिसले का?"

कसले विंचू?

आमच्याकडे चित्रांच्या गोष्टी हे वाचनात धरतच नसत. "चित्रं बघायला शाळेत कशाला जायला लागतंय?" असं बाबा म्हणायचे. चांदोबाला तेवढी माफी, कारण त्यात मजकूर भरपूर. मोती चौकापासून जवळच एका बोळात भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान होतं. दोरीवर धुणं वाळत घालावं तशी इंद्रजाल कॉमिक्स टांगलेली असत. दहा पैसे द्यायचे नि तिथंच फळीवर बसून वाचायचं. दादा तिथला नेमाचा गिऱ्हाईक. कवटीच्या खुणेचा वेताळ, म्हणजे फँटम, मग जादूगार मँड्रेक, पुन्हा वेताळ. बाकाच्या कोपऱ्यावर कर्कटकानं कवटी कोरून ठेवलेली. मी अर्थातच गुणी मुलगी, त्या फळीकडं ढुंकूनही न बघणारी.

एकदा त्यानं जास्तीचे पैसे भरून एक वेताळ घरी आणला आणि भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचत बसला. मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. तरी मी माजघरात जाऊन सांगितलं. बाबांनी तो वेताळ मधोमध टरकावला. दुकानदाराची भरपाई दादाच्या जत्रेच्या पैशातून झाली. मला फार वाईट वाटलं असं लिहायला आवडलं असतं, पण त्या रात्री मी गाढ झोपले होते.

तर विंचू. भाचीनं चहाचा कप बाजूला सरकवून पान उघडलं. माणसांच्या बोलण्याचे फुगे असतात ना, त्यात विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी काढलीय. साध्या, सोसणाऱ्या माणसाचं बोलणं पाखराच्या आकारात. मी अख्खं पुस्तक वाचलं होतं आणि एकही नांगी मला डसली नव्हती! चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकारांची. पुस्तक २०११ चं. पानावर चौकटी आखलेल्याच नाहीत. त्यांच्या घरांच्या भिंतींवर नि जमिनीवर दिग्ना काढतात, तीच नक्षी वळणं घेत प्रसंग वेगळे करते. चौकट नसली की आता कुठं जायचं ते डोळ्याला कळत नाही, मग तो थांबतो. माझा थांबला नव्हता. तो अक्षरावरून अक्षरावर उड्या मारत पैलतीराला पोचला होता.

आणि गोष्ट तर आमच्या गावची. बाबासाहेब इथंच, साताऱ्यात शाळेत गेले. ७ नोव्हेंबर १९०० चा तो प्रवेशाचा दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. पुढच्याच वर्षी वडिलांकडे गोरेगावला निघालेले छोटे बाबासाहेब नि बरोबरची पोरं, अंगावर नवे कपडे, मसूर स्टेशनात उतरून वाट बघत बसलेली. जात कळल्यावर स्टेशनमास्तरचा बदललेला चेहरा. दुप्पट भाडं घेऊनही गाडीवान बैलगाडी हाकायला तयार नाही, म्हणून पोरांनीच हाकायची. बरोबर डबा भरलेला आणि रात्रभर प्यायला पाणी नाही. हे मी भाषणांत इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्य मला आधी येतं. सांगलीला नणंदेकडे जाताना तारगाव गेलं की मसूर लागतं. दर खेपेला त्या सुमाराला मी डब्यातली पोळी काढते.

दुसऱ्यांदा वाचायला तीन दिवस लागले. अजूनही खोड जात नाही, पान उघडलं की नजर घसरते ती थेट अक्षरांवर. मग मी मजकुरावर तळवा ठेवते आणि आधी नुसती बघत बसते. भाची हसते. हसू दे.

परवा दादाला फोन केला. म्हटलं, तुझ्या मुलीमुळं म्हातारपणी कॉमिक्स वाचायला लागलेय. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "तो फाडलेला वेताळ आठवतो का गं? डाव्या कोपऱ्यात लांडगा होता, मागं धबधबा, आणि वर दोराला एक माणूस लटकलेला. दोराचा एकच पदर राहिला होता. तिथंच बाबा आले."

"बरं मग?"

"मग काय? तुटला का तो दोर?"

मला काय माहीत. मी ते उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.